तासाला दहा मिनिटं पुरेत

युद्ध चालू असताना बातम्या तासाला दहाच मिनिटं लागाव्यात, उरलेल्या पन्नास मिनिटांत गाणी लावा, भजनं लावा, तुरीवरच्या अळीला काय फवारायचं ते सांगा, असं माझं स्वच्छ मत आहे. २०२५ च्या मे महिन्यात, पाकिस्तानशी लढाई पेटलेली असताना, हे घरात बोलून दाखवलं तर मुलगा हसला. म्हणाला, "बाबा, तुम्हाला १९७१ साल परत पाहिजे." नको रे बाबा. त्या साली मी दहा वर्षांचा होतो, अंगात थोरल्याचा उसवलेला स्वेटर होता आणि पुढच्या वर्षीचा दुष्काळ दारात येऊन उभा होता. त्या सालातली मला एकच वस्तू परत हवी आहे, काकांच्या दुकानाबाहेरचा फळा.

काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सोलापूरच्या साखर पेठेत होतं. दीड खणाची जागा. आत पाऊल टाकलं की सोल्डरच्या धुराचा आणि तापलेल्या धुळीचा वास. फळीवर दुरुस्तीला आलेले सेट ओळीनं बसलेले: मर्फी, बुश, फिलिप्स आणि चामड्याच्या भोकाभोकांच्या जाकिटातले ट्रान्झिस्टर. व्हॉल्वचा सेट बटण फिरवल्याबरोबर बोलत नसे. आधी डायलमागचा दिवा लागायचा, मग व्हॉल्व तापेपर्यंत नुसतं गुंऽऽ, आणि मग एखादा माणूस बोळातून बोलत बोलत जवळ यावा तसा आवाज मोठा होत जायचा. मी घाई केली की काका म्हणायचे, "थांब की जरा. त्याला जागा तर होऊ दे." तेव्हा रेडिओ ऐकायला टपाल खात्याचा परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यायचं. ऐकणाऱ्याला परवाना लागत होता, याचं आज हसू येतं. हल्ली ओरडणाऱ्यालाही कोणी काही विचारत नाही.

३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बाँब टाकले. इंदिरा गांधी त्या दिवशी कोलकात्यात होत्या. त्या दिल्लीला परतल्या आणि रेडिओवरून देशाशी बोलल्या तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी दुकानाच्या फळ्या काढायच्या आधीच बाहेर माणसं उभी होती. ज्यांचे सेट पैशांअभावी सहा-सहा महिने पडून होते, ती सगळी गिऱ्हाइकं एका रात्रीत जागी झाली होती. "उधारीवर द्या, पण आज द्या ओ." पुढच्या तेरा दिवसांत काकांनी जेवढे सेट चालू केले तेवढे एरवी चार महिन्यांत केले नसतील. त्यातली निम्मी उधारी शेवटपर्यंत वसूल झाली नाही, हे काकूंनी पुढे वीस वर्षं ऐकवलं.

दुरुस्त केलेला सेट तासभर चालवून बघायचा, ही काकांची शिस्त. त्यामुळे संध्याकाळी दुकानात चार-पाच सेट एकदम चालू असत आणि काका प्रत्येकाची सुई वेगळ्या जागी लावत. एकावर पुणे, मराठी बातम्यांसाठी. एकावर हैदराबाद, कारण निम्मं गिऱ्हाईक पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारं. एकावर धारवाड, कानडीसाठी. कोपऱ्यातल्या ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्हचं बीबीसी, मध्येच वर येणारं आणि मध्येच बुडणारं. आणि आवाज अगदी बारीक करून, कान लावला तरच ऐकू येईल असं, रेडिओ पाकिस्तान. हे सगळं संध्याकाळनंतरच जमायचं. दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी आकाशातला एक खालचा थर गिळून टाकतो. ऊन उतरलं की तो थर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून दुपारी जेमतेम पुणं लागायचं आणि अंधार पडला की अख्खा उपखंड साखर पेठेत यायचा.

दाराशेजारी एक लाकडी फळा होता. एरवी त्यावर 'आज रोख उद्या उधार' एवढंच असायचं. त्या तेरा दिवसांत काकांनी ते पुसलं आणि खडूनं बातम्या लिहायला लागले. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात ती कुठं ऐकली त्याचं अक्षर: पु., है., धा., बी., पा. पुढे वेळ. दोन ठिकाणी ऐकलेली बातमी वर. एकाच ठिकाणी ऐकलेली असेल तर खाली, आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. गिऱ्हाइकानं सांगितलेली बातमी लिहायचीच नाही. संध्याकाळची पाळी सुटली की माग कामगार अंगावरचा सुताचा कापूस झटकत फळ्यापुढे थांबायचे. एकदा एक जण हटूनच बसला. "अन्ना, लिवा की ओ, माझ्या मेव्हण्यानं सोताच्या कानानं ऐकलंय." काका खडू खाली न ठेवता म्हणाले, "बोलव मेव्हण्याला. कुठल्या मीटरवर ऐकलं ते विचारतो."

एकदा मात्र ते घसरले. १४ तारखेच्या संध्याकाळी कोर्टात जाणाऱ्या एका प्रतिष्ठित माणसानं सांगितलं म्हणून त्यांनी लिहिलं, 'ढाका पडलं.' पेठेत कोणीतरी पेढे वाटले. रात्रीच्या बातम्यांत मात्र ढाक्याभोवतीचा वेढा आवळत चालल्याचंच सांगितलं. काका बादली घेऊन बाहेर गेले, फडकं बुडवून ती ओळ पुसली आणि तिथंच लिहिलं: 'संध्याकाळी इथं ढाका पडल्याचं लिहिलं होतं ते चूक. ऐकीव होतं.' ही ओळ त्यांनी दोन दिवस तशीच ठेवली. काकू म्हणाल्या, पुसा आता, लोक हसतात. काका म्हणाले, हसू दे. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानच्या लेफ्टनंट जनरल नियाझींनी आपल्या लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरांसमोर शरणागतीवर सही केली, तेव्हा त्या बातमीच्या ओळीपुढे एक एक करून चार अक्षरं लागली. पु., है., धा., बी. पाचवं अक्षर लागलं नाही, त्याच्याकडे नंतर येतो.

काका फार सज्जन होते म्हणून मी हे सांगत नाही. गिऱ्हाइकाचा चांगला कंडेन्सर काढून जुना बसवण्यातही ते सज्जनच होते, असं काही मी शपथेवर सांगणार नाही. मुद्दा फळ्याचा आहे. फळ्यावर आठ ओळी मावत. नववी लिहायची तर एक पुसावी लागे, आणि पुसायची कुठली हे ठरवताना माणसाला विचार करावा लागतो. रेडिओचंही तेच. दहा-पंधरा मिनिटांचं वार्तापत्र, त्यात काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कोणीतरी बसून ठरवलेलं, वाचणाऱ्याचं नाव सुरुवातीला सांगितलेलं. मग पुढच्या बातम्यांपर्यंत शांतता. त्या शांततेत माणसं चहा प्यायची, वाद घालायची, धारवाडनं सांगितलेलं पुण्यानं का नाही सांगितलं यावर डोकं चालवायची. सोलापूरला चार भाषांचं हे एक फुकटचं देणं होतं. एकच बातमी चार जिभांवरून गेली की तिच्यातलं मीठ कमी की जास्त ते कळायचं.

आणि सोलापूरला याची गरज जरा जास्तच. आम्ही देशाच्या पोटात राहतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथं जन्मले, ते स्वतः उठून युद्धाकडे गेले, चीनमध्ये, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. माझ्या हयातीत युद्ध उठून आमच्याकडे कधी आलेलं नाही. अमृतसरच्या किंवा जैसलमेरच्या माणसाला गच्चीवर जाऊन आकाश तरी बघता येतं. दिवे गेले का, धूर दिसतो का, आवाज कुठून येतो. आम्हाला काय दिसणार? सिद्धेश्वराचं तळं आणि त्यापलीकडची हॉटेलं. आमच्यापर्यंत युद्ध पोचतं ते बातमी म्हणूनच. ती नासकी निघाली तर पडताळायला आमच्या हातात काही नसतं.

८ मे २०२५, गुरुवारची रात्र. आदल्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालेलं. आमच्या दत्त नगरच्या गल्लीत दर दोन घरांआड टीव्ही चालू, खिडक्या उघड्या, उन्हाळ्याचे दिवस. एका घरातून ऐकू आलं, कराचीचं बंदर उद्ध्वस्त. पुढच्या घरातून, इस्लामाबादेत घुसलो. तिसऱ्या घरातून आणखी काही शहरं पडली. नातवाच्या मोबाईलवर तर बंदर जळतानाचा व्हिडिओसुद्धा आला. बारा वाजून गेले तरी पोरं फटाके शोधत होती. सकाळी उठून बघतो तर कराचीचं बंदर होतं तिथं होतं, इस्लामाबाद होतं तिथं होतं. एखाद्या वाहिनीनं दिलगिरी व्यक्त केली, बाकीच्या कोरड्याच पुढच्या विषयाकडे वळल्या. फडकं भिजवून बाहेर यायची गरज कोणाला वाटली नाही.

कराचीचं नाव ऐकून मला रात्रभर झोप आली नाही, त्याचं कारण वेगळं. १९७१ साली ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींनी खरोखरच कराचीवर हल्ला केला होता. ८ तारखेच्या रात्री पुन्हा केला, किनाऱ्यावरच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. आजही ४ डिसेंबरला आपण नौदल दिन पाळतो तो त्यासाठी. आणि त्या खऱ्या हल्ल्याला काकांच्या फळ्यावर एक ओळ मिळाली होती. एक. न झालेल्या हल्ल्याला चोपन्न वर्षांनी अख्खी रात्र मिळाली.

त्या दिवसांत आणखी एक प्रकार झाला. वाहिन्यांनी पार्श्वसंगीत म्हणून हवाई हल्ल्याचा सायरन वाजवायला सुरुवात केली. शेवटी १० मे रोजी नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाला सांगावं लागलं की जनजागृती सोडून इतर कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका, लोकांना त्याची सवय होईल. ही गोष्ट सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही कळली असती. लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा झाला की अख्खं शहर घड्याळ लावायचं, बायका डबा बांधायला घ्यायच्या, कामगार अर्धी भाकरी तशीच टाकून उठायचे. कोणी गंमत म्हणून अवेळी भोंगा वाजवला असता तर त्याला गिरणीच्या फाटकावर चोपला असता. भोंग्याला किंमत होती कारण तो ठरल्या वेळी आणि ठरल्या कारणानंच वाजत होता. बातमीलाही तशी पाळी होती. सकाळची, दुपारची, रात्रीची.

आता माझ्या मुलाचा मुद्दा, कारण तो खोडून काढण्यासारखा नाही. तो म्हणतो, "म्हणजे सरकार जे सांगेल तेवढंच ऐकायचं?" तेव्हा एकटी आकाशवाणी होती आणि ती सरकारची होती, हे खरंच आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीनं दुपारीच त्यांच्या मृत्यूची बातमी दिली आणि आकाशवाणीनं ती सांगितली संध्याकाळी. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, दुकानात काकांच्या हाताखाली. काकांच्या नियमाप्रमाणे ती बातमी दुपारभर फळ्याच्या तळाशी, (बी.) आणि प्रश्नचिन्ह. रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं आणि आमचा फळा मात्र विचारत होता. बीबीसीवरही डोळे झाकून विसंबावं असं नव्हतं, १९६५ मध्ये लाहोर भारताच्या हाती पडल्याची चुकीची बातमी तिनंच दिली होती. पण त्या दिवशी ती बरोबर होती आणि काकांचा नियम कमी पडला. तासन् तास अधिकृत आवाज गप्प बसला की त्या पोकळीत काय काय वाढतं ते त्या आठवड्यात दिल्लीनं भोगलं.

आणि पाचवं अक्षर. १६ डिसेंबरच्या संध्याकाळी, ढाक्यात सही होऊन गेल्यावर, पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान रेडिओवरून आपल्या लोकांना सांगत होते की लढाई चालू राहील. दुसऱ्या दिवशी त्यांनी युद्धबंदी मान्य केली. तेरा दिवस तिथल्या माणसांनी वेळच्या वेळी, नाव सांगणाऱ्या निवेदकाकडून, विजयाच्याच बातम्या ऐकल्या होत्या. काका त्या बारीक आवाजाला कान लावून बसले होते. ते म्हणाले, "ह्यांच्या लोकांचं उद्या सकाळी काय होईल ओ?" शत्रूच्या श्रोत्यांची काळजी करणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

म्हणजे वेळ बांधून घेतली की खोटं थांबतं, असं नाही. खोटं वेळेवरसुद्धा सांगता येतं. १९९४ मध्ये रवांडात एका खासगी रेडिओनंच शेजाऱ्यांना शेजाऱ्यांवर घातलं. म्हणून मला एक रेडिओ नको, फळीवरचे पाच हवेत. आपल्या कायद्यानं नेमकं उलटं करून ठेवलंय. चोवीस तास ओरडायला टीव्ही वाहिन्यांना परवाने आहेत, आणि खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. त्यांनी फार तर आकाशवाणीचं वार्तापत्र जसंच्या तसं लावायचं. वाहतूक, हवामान, परीक्षांच्या तारखा, पाणीपुरवठा एवढं सांगायला त्यांना मुभा आहे. म्हणजे उजनीची जलवाहिनी फुटली, पाणी आता सहाव्या दिवशी येणार, हे सोलापूरचा एफएमवाला सांगू शकतो. ती का फुटली आणि दुरुस्तीचं टेंडर कोणाला गेलं, हे सांगितलं की तो परवान्याची अट मोडतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची नव्हे. प्रसार भारतीचा स्वायत्ततेचा कायदा १९९० मध्ये झाला, अमलात यायला १९९७ उजाडलं, आणि ती स्वायत्तता किती हे आकाशवाणीच्या बातम्या ऐकणाऱ्या कोणालाही विचारा.

सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, शिफारस केली की खासगी एफएमला बातम्या देऊ द्या, तासाला दहा मिनिटांच्या मर्यादेत. ते वाचून मी खुर्चीतून उठलो. दिल्लीत बसलेल्या कोणीतरी, फळा न बघता, फळ्याचं माप काढलं होतं. त्यांनी ती मर्यादा एफएमला घाबरत घाबरत दिली असेल. माझ्या दृष्टीनं त्या शिफारशीत तीच सगळ्यात मोलाची आहे, आणि युद्धाच्या दिवसांत ती टीव्हीलाही लावावी. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं, असा नियम केबल टीव्हीच्या नियमावलीत आहेच. म्हणजे कॅमेऱ्याला कधी थांबवायचं ते कायद्याला कळतं. स्टुडिओत बसून शहरं जिंकणाऱ्याला थांबवायचं मात्र सुचलेलं नाही. आणि एक कलम माझं: चूक झाली तर ती ज्या वेळी आणि जेवढ्या मोठ्या अक्षरांत सांगितली त्याच वेळी, तेवढ्याच अक्षरांत, दोन दिवस दुरुस्ती दाखवायची. खाली पळणाऱ्या बारीक पट्टीत नाही.

दहा मिनिटांत काय मावणार, असं विचारणाऱ्यांनी मे महिन्यातले ते चार दिवस पुन्हा आठवून बघावेत. खात्रीचं जे काही होतं ते परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांच्या पत्रकार परिषदांत होतं. १० मेच्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला मिस्रींनी पाच वाजल्यापासून गोळीबार थांबल्याचं सांगितलं, त्याला किती मिनिटं लागली? आणि त्या परिषदांतही सगळं नव्हतं. आपली विमानं पडल्याची कबुली संरक्षणदल प्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापुरात दिली. सोलापूरच्या माणसाला तीन आठवडे हे सांगितलं गेलं नाही, आणि चोवीस तास चालणाऱ्या एवढ्या वाहिन्या त्या काळात काय करत होत्या, तर नकाशावर बाण काढत होत्या. वेळ भरपूर दिला की खरं जास्त बाहेर येतं हा समज तिथंच मोडतो. उलट स्थानिक एफएमला रोज तेलुगूत, कानडीत, उर्दूत आणि मराठीत दहा-दहा मिनिटं द्यायची असती तर एखाद्यानं तरी पेट्रोल पंपावर जाऊन विचारलं असतं की टाक्या खरंच रिकाम्या होणार आहेत का. त्या आठवड्यात आमच्याकडे रांगा लागल्या त्या एका फॉरवर्डमुळे.

रेडिओच का, मोबाईल आहे की, असंही कोणी म्हणेल. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालमध्ये एका दमात वीज गेली, मोबाईलचे मनोरे गप्प झाले, आणि माणसं रस्त्यावर बॅटरीच्या ट्रान्झिस्टरभोवती गोळा झाली. आपल्याकडे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना कळवलं होतं की फोनमध्ये एफएम रिसीव्हर असेल तर तो बंद ठेवू नका. माझ्या फोनमध्ये तो सापडत नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "काका, ॲप टाका की." ॲपला नेट लागतं हे मी त्याला सांगत बसलो नाही.

९ मेची सकाळ. आमच्या शेजारच्या अक्का आल्या. त्यांचा धाकटा सैन्यात, राजस्थानच्या बाजूला, नेमका कुठं ते त्यांनाही ठाऊक नाही. रात्रभर त्या टीव्हीसमोर बसून होत्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या त्या रेडिओवर बातम्या किती वाजता लागत्यात ओ?" एके काळी सगळ्या वेळा मला पाठ होत्या. आता सांगता येईना. माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला तर आतल्या सेलांनी गळून स्प्रिंगा हिरव्या केलेल्या. त्या पॉलिश पेपरनं घासल्या, कोपऱ्यावरून नवे सेल आणले, आणि सुई फिरवत बसलो. आकाशवाणी लागली. नाट्यगीत चालू होतं.

अक्का परत जाऊन सूप घेऊन आल्या, मांडीवर ठेवलं, ओल्या फडक्यातून पानं काढून विड्या वळायला लागल्या. हजार विड्या द्यायच्या असतात, युद्ध असो नसो. नाट्यगीत संपलं, जाहिरात झाली, आणखी एक गाणं झालं. मग बातम्या. बाईनं नाव सांगितलं आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. सीमेवरची दोन-तीन ठिकाणं आली, पाडलेल्या ड्रोनची ओळ आली, बंद केलेले विमानतळ आले. मग पावसाचा अंदाज. संपलं.

अक्कांच्या हातातली विडी तशीच राहिली होती. "राजस्थानचं काय वाईट बोल्ले नाहीत न्हवं?"

"नाही."

"संपल्या ना आता?"

"संपल्या. पुढच्या दुपारी."

"मग तवा येते," म्हणाल्या, आणि सूप उचलून भाकरी टाकायला घरी गेल्या.